शेजारच्या खाटेची वीणा

“तिचा हात काढा, नाहीतर माझाही ठेवू द्या!”

मी अशी ओरडले की राजवाड्याच्या हत्तीखान्यातले हत्ती सोंडा वर करून उभे राहिले म्हणतात. मी काही पाहिलं नाही. मी दवाखान्यातल्या खाटेवर होते, आणि माझ्या छातीला चिकटलेल्या पट्टीचं टोक नर्सबाईच्या चिमट्यात होतं.

“सुम्नीरी, अम्मा!” नर्सबाई खेकसली. गप्प बसा, हे कानडी फर्मान म्हैसुरात मला लहानपणापासून सगळ्यांनी ऐकवलंय. मी ते कधी मानलं नाही.

भांडण वीणेवरून होतं.

माझ्या डाव्या स्तनात गाठ झाली होती. डॉक्टरीणबाई तिला कॅन्सर म्हणाली. गाठ होती लिंबाएवढी. देवराज मोहल्ल्यातल्या बायकांना मी ती नारळाएवढी सांगितली, कारण आमच्या शिंप्यांच्या आळीत लिंबाएवढ्या दुखण्यासाठी कोणी पाटावरून उठत नाही. हुंगायचं औषध देऊन डॉक्टरीणबाईनं गाठ स्तनासकट काढली. शुद्धीवर आले तर काखेपासून बरगड्यांपर्यंत नुसत्या पट्ट्या. आमचे हे जखम पाहून म्हणाले, “टाके बरे घातलेत.” एवढंच बोलले, आणि व्हरांड्यात जाऊन बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

कापणं सोपं होतं हो! जीव घ्यायचं ते रोजचं पट्टी बदलणं. कोमट पाण्यानं कितीही भिजवा, सुटताना वाटायचं की पुन्हा कापताहेत, आणि या खेपेला हुंगायलाही काही नाही.

शेजारच्या खाटेवर एक कानडी बाई होती. दुखणं माझंच, फक्त उजवीकडचं. तिची थोरली बहीण, सगळे तिला अक्का म्हणत, वीणा शिकवायची. रोज सकाळी पट्ट्यांच्या वेळेला ती वीणा घेऊन यायची आणि खाटेला लागून चटई टाकून वाजवायला बसायची. शेजारीण पडल्या पडल्या डावा हात खाली सोडायची आणि तळवा वीणेच्या लाकडावर टेकवायची. मग नर्सबाई तिची पट्टी काढायची. हूं नाही की चूं नाही! मेणाची बाहुली सोलावी तशी.

आणि सुरुवात नेहमी तिच्यापासून. माझी पाळी येईतो अक्का वीणेला गवसणी घालत असायची. तिला साय आणि मला भांड्याची खरवड! मी नर्सबाईला आमच्या यांच्या हातचं पोलकं कबूल केलं. दुसऱ्या दिवसापासून पहिली पट्टी माझी.

खरं सांगते, आणि मी खरं क्वचित सांगते, वीणा चालू असताना दुखणं निम्म्यावर आलं. अक्का सूर ओढायची, माझा श्वास त्याच्यामागे फरफटत जायचा, आणि परत येईतो पट्टी सुटलेली असायची. खालची जाड तार छेडली की पोटात कोमट दूध उतरल्यासारखं व्हायचं. आयुष्यात मी इतकी गप्प कधी पडले नव्हते.

यात बाईमाणसानं सुख मानावं की नाही? मी नाही मानलं. मी घामानं निथळायची आणि शेजारीण कोरडी ठणठणीत! म्हणजे कानांतून येतो तो निम्माच गुण. उरलेला हातात आहे. तो तळवा दिसला की माझ्या पोटातलं दूध नासायचं.

वर बाई आढ्यतेखोर. मी सगळ्या वॉर्डाला गोष्टी सांगायची. आमचे हे महाराजांच्या हत्तीची झूल शिवायला गेले, माप घ्यायला पाठीवर चढले, तर हत्ती चालू लागला तो थेट श्रीरंगपट्टणाला. यांनी वाटेत बसल्या बसल्या काठ घालून झूल पुरी केली. खाटा गदगदायच्या. ही मात्र माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि सगळ्यांचं हसून झालं की मग एकटी हसायची. जणू माझा विनोद शिळा करून खायची.

शेवटी गोडीत विचारलं, “अक्का, मी ठेवू का हात?”

“नको,” ती म्हणाली, आणि खुंट्या पिळू लागली.

समजले. वीणा म्हणजे सरस्वती, त्या सोवळ्यातल्या, आणि आम्ही शिंपी. तो ‘नको’ मी दिवसभर चघळला. दुसऱ्या सकाळी पट्टी नेमकी जास्त चिकटली होती, शेजारचा तळवा मजेत लाकडावर पसरला होता, आणि मी हत्ती उठवले.

“शिंप्यानं शिवलेली गवसणी चालते वीणेला,” मी पुढे गरजले, “आणि शिंपिणीचा हात विटाळतो होय?”

भिंतीवरची पाल पटकन खाली पडली. शेजारीण डोळे मिटून पडली होती; तिची पापणीही लवली नाही. अक्का वाजवतच राहिली. माझी पट्टी निघाली, मग तिची निघाली. तेव्हा कुठे अक्कानं तारांवर हात ठेवला, गवसणी घातली, वीणा कडेवर घेतली आणि जाताना माझ्या खाटेशी थांबली.

“जन्मापासून बहिरी आहे ती,” अक्का म्हणाली. “दुसरा हात ठेवला की लाकूड कमी थरथरतं. तुम्हाला कान आहेत.”