एक रिंग होकार, दोन रिंगा नकार

चहा उकळतोय तोवर माझा एक गाढवपणा ऐकून घ्या. मात्र मध्येच 'असं कुठं असतंय काय' म्हणायचं नाही. हे माझ्याच बाबतीत झालंय, आणि साक्षीला इचलकरंजीची अख्खी एक गल्ली हाय.

मी सहा वर्षं जर्मनीत होतो. गेलो तेव्हा कोल्हापुरात फोन म्हणजे कोपऱ्यावरचा एसटीडी बूथ आणि बाहेर रांग. दोन हजार पाच साली परत आलो, तर भाजीवाल्या मावशींच्या कमरेलासुद्धा मोबाईल! मग मीही एक घेतला आणि तिकडच्यासारखा वापरायला लागलो. तिकडं फोन वाजला की पहिल्या रिंगला उचलायचा. समोरच्याला ताटकळत ठेवणं म्हणजे उद्धटपणा. सहा वर्षांत हाताला अशी सवय लागली होती की डोक्याला कळायच्या आत हात फोन उचलून मोकळा व्हायचा.

आता इथं मला कोण सांगणार, की बाबा रे, आपल्याकडं बोलायला कुणी फोन करतच नाही! सगळा कारभार मिस कॉलवर. बहिणीचा मिस कॉल म्हणजे क्लास सुटला, न्यायला ये. दूधवाल्याचा मिस कॉल म्हणजे पातेलं घेऊन खाली या. आणि मी काय करायचो? सगळे उचलायचो! वर 'हां, बोला' म्हणायचो. दूधवाला तर एकदा जिना चढून भांडायलाच आला.

"फोन वाजला म्हणून काय उचलायचा असतो व्हय?" म्हणाला.

मी पातेलं पुढं केलं.

हे सगळं चालून गेलं असतं हो. पण त्याच महिन्यात माझं लग्न ठरायला लागलं.

मुलगी इचलकरंजीची, वैशाली नाव. शाळेत शिक्षिका. घराखालीच वडिलांचा यंत्रमागाचा कारखाना, वर राहायला. बघायला गेलो तेव्हा खालनं चोवीस माग खडाखडा चाललेले, ताटलीतले पोहेसुद्धा थरथरत होते. त्या आवाजात तिनं मला एकच प्रश्न विचारला. तोही मला ऐकू आला नाही. मी अंदाजानं 'हो' म्हणालो आणि ती जी हसली! नंतर कळलं, तिनं 'तुम्हाला ऐकू येतंय ना?' असं विचारलं होतं. तुम्हाला खोटं वाटेल, पण कोल्हापूरला परत येईपर्यंत मी मनातल्या मनात पत्रिका छापून घेतली होती. लग्न करीन तर हिच्याशीच.

त्यांचं उत्तर यायचं होतं. मध्यस्थ माझे मामा, हातकणंगल्याचे. रविवारी सकाळी मामा त्यांच्याकडं निर्णय ऐकायला जाणार होते. आता त्यांच्याच बैठकीच्या सोप्यात बसून मामा फोनवर कसं बोलणार, की हो म्हणतायत किंवा नाही म्हणतायत? म्हणून मामांनी युक्ती काढली. खिशातल्या खिशात बटण दाबायचं. एक रिंग आली तर होकार, आम्ही पेढे घेऊन लगेच निघायचं. दोन आल्या तर नकार, घरीच बसायचं. चिडीचूप काम.

रविवारी सकाळपासून आई नऊवारी नेसून, पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसलेली. फोन माझ्या हातात. साडेदहाला वाजला.

आणि मी उचलला.

"हां मामा, बोला!"

पलीकडनं नुसता मागांचा खडखडाट. मामा काय बोलणार, समोर मुलीचा बाप बसलेला! त्यांनी फोन कापला. मला वाटलं, लाईन तुटली. कुणाचा फोन मध्येच तुटला तर आपण लगेच उलटा लावायचा, ही तिकडची रीत. लावला. तर पाहुण्यांच्या सोप्यात मामांच्या खिशात सनई वाजायला लागली. मामांनी कापली. मी परत लावली. ऐन बोलणी चालू असताना दोनदा सनई! शेवटी मामांनी जाऊन आडोशाला उभं राहून, माझ्या नावानं दातओठ खात, राहिलेली ती एक रिंग पुन्हा दिली आणि मोबाईलच बंद करून टाकला.

ती रिंग आईनं माझा हात धरून ठेवला म्हणून वाजू शकली.

"दोन झाल्या," आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी म्हटलं, अगं, पहिली धरायची नाही, ती मी उचलली. आई म्हणाली, उचलली म्हणून काय झालं, वाजली का नाही? बहिणीचं म्हणणं, उचललेली रिंग अर्धी धरावी, म्हणजे दीड झाली. दीड म्हणजे काय, हे मामांनी सांगितलेलं नव्हतं. मामांना लावावं तर फोन बंद. आईनं नऊवारी सोडली आणि पेढ्यांचा पुडा फडताळात वर ठेवला. खरंच सांगतो, रडू आलं मला.

आता शहाण्या माणसानं इथं गप्प बसावं की नाही? पण मी तिकडनं शिकून आलेला! नकार आला तरी चार बरे शब्द लिहून कळवायचे, ही तिकडची सभ्यता. वैशालीच्या बायोडाटावर वडिलांचा नंबर होता. त्यावर मी मेसेज टाकला, की आपल्या निर्णयाचा मी आदर करतो, वैशालीला पुढच्या आयुष्यासाठी मनापासून शुभेच्छा, आता आपला संपर्क होईलसं वाटत नाही.

तिकडं काय चाललं होतं, ठाऊक आहे? होकार दिलेला. शेजारीपाजारी जमलेले. मामांच्या हातात तूप सुटलेला शिरा. आणि सगळे आमची वाट बघत बसलेले. तेवढ्यात मेसेज आला. वडिलांना चष्मा सापडेना, म्हणून वैशालीनंच तो मोठ्यानं वाचला. सगळ्यांसमोर.

दुपारी मामा मोटारसायकलवरनं थेट आमच्या दारात.

"शिऱ्याची ताटली हातातनं काढून घेतली रे माझ्या," एवढंच म्हणाले आणि जिन्यातच बसले. त्यांचा चेहरा बघून मला खरा प्रकार विचारायचंसुद्धा धाडस होईना. सगळं कळलं तेव्हा मीही त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच इचलकरंजीला गेलो. फोन करून जाण्याचं धैर्य नव्हतं. वैशालीचे वडील खाली कारखान्यात, मागांच्या मधोमध उभे. मला बघून त्यांनी मान फिरवली. पण मी आज मागं हटणार नव्हतो. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोंब मारायला सुरुवात केली. एक रिंग म्हणजे होकार! दोन म्हणजे नकार! पहिली मी उचलली! त्यांना ओ की ठो कळेना. ते नुसते हात हलवत होते. मी आणखी आवाज चढवला. गळ्याच्या शिरा तटतटल्या. छातीत होती नव्हती ती हवा भरली आणि ओरडलो.

नेमकी लाईट गेली.

चोवीसच्या चोवीस माग एकदम थांबले. आणि त्या शांततेत माझा आवाज, "मला वैशालीशीच लग्न करायचंय!"

कामगार बघायला लागले. गल्लीतनं माणसं आत डोकावली. कारखान्यात उघडणाऱ्या वरच्या गॅलरीत वैशाली येऊन उभी. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण आता सुटका कुठली? मग सगळ्यांसमोर, हळू आवाजात, पहिल्यापासून सगळं सांगितलं. एक म्हातारे कामगार दोन्ही हातांनी पोट धरून खाली बसले. वडील हसले नाहीत. त्यांनी वर बघून विचारलं, "पोरी, तुझं काय म्हणणं हाय?"

वैशाली आत गेली. बाहेर आली ती वडिलांचा मोबाईल घेऊन. माझ्याकडं बघत तिनं बटणं दाबली. मेसेजमुळं माझा नंबर त्यात होताच की.

माझ्या खिशात फोन वाजला. एक रिंग.

अहो, एक रिंग म्हणजे काय, हे मीच आत्ता सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. मला दुसरं काही करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. आणि माझा हात खिशात गेला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

अख्ख्या कारखान्यानं कपाळाला हात लावला. वर गॅलरीत ती, खाली मी, मध्ये पंधरा फुटांचं अंतर, आणि दोघांच्या कानाला फोन.

"आता मी काय करू?" ती फोनवरच म्हणाली. "परत लावला तर दोन होतील."

खाली लगेच चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे ही धरा, कुणी म्हणे सोडा, पोरीला पहिल्यापासनं लावू दे. मी फोन कानाला तसाच धरून उभा होतो, ठेवला तर काय होईल याची भीती वाटून. शेवटी वैशालीच जिना उतरून खाली आली, माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि बंद केला.

"होकार हाय," ती म्हणाली. "तोंडानं सांगितलाय. आता ह्या फोनवरनं कुणाला काही कळवू नका."

झालं लग्न. थाटात झालं. मामांना शिऱ्याच्या दोन ताटल्या मिळाल्या. सगळी गडबड संपल्यावर एक दिवस सासरे माझ्याजवळ निवांत टेकले. मामांनी त्यांना मुलगा परदेशात इंजिनिअर होता एवढंच सांगितलं होतं, आणि त्यांनीही पुढं काही विचारलं नव्हतं.

"जावईबापू," त्यांनी आता कौतुकानं विचारलं, "तुमची ती तिकडची कंपनी नेमकं काय बनवायची?"

मी खाली मान घालून सांगितलं, "टेलिफोन."