पडद्याखालून दिसलेला माणूस

मुरूडच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. शाळा नववीत सुटली. तरीही माझा मसुदा साहेबांनी परत पाठवला, असे सहसा घडत नाही. त्याचे कारण एकच: समोर बसलेल्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही.

त्या बाईवरही ठेवला नाही. तिचा मुलगा न्हावा शेव्याला कामाला. त्याच्या माघारी दिघीकडचा एक एजंट घरी आला, आखातातल्या नोकरीसाठी म्हणून मुलाचा पासपोर्ट घेऊन गेला आणि मग त्याचा फोन बंद झाला.

"चेहरेपट्टी सांगा," मी म्हणालो.

"चेहरा न्हाय बघितला, भाईसाहेब."

"भाभी, तुमच्या घरी जेवून गेला ना तो?"

"जेवला. पण मी पडद्याआड होते. पाय बघितले. उजव्या अंगठ्याचं नख काळं. चपलेचा अंगठा निळ्या दोऱ्यानं शिवलेला. चालताना डावी टाच घासतो."

जेवू घातलेल्या माणसाचे तोंड ठाऊक नाही, आणि चपलेचा दोरा ठाऊक! इसम नात्यातलाच असावा आणि बाई त्याला वाचवत असावी, असा मला दाट संशय आला. तो मी बोलूनही दाखवला.

"मग तुम्ही सांगा की तोंड," ती उसळली. "तुमच्या बाजूला बसून चहा प्यायचा म्हणे. तुम्हाला कसला पडदा?"

मी डोळे मिटले. सदऱ्याच्या खिशाला लावलेली दोन पेने दिसली, एकाचे टोपण सोनेरी. त्यांच्या वर काही केल्या काही दिसेना. आमच्या घरी लहानपणापासून शिकवण हीच, की ज्याच्या खिशाला पेन तो साहेब. त्याच्या तोंडाकडे काय पाहायचे?

अर्ज अपुरा राहिला. दुसऱ्या दिवसापासून ती आगरदांड्याच्या जेटीवर बसू लागली; दिघीची माणसे तिथेच उतरतात. ती भलत्याच इसमाला धरील, या धास्तीने मीही गेलो.

बोट लागली. मान खाली घालून बसलेली ती एकदम उठली आणि तिने एकाची पिशवी धरली. "हाच!"

माझी खात्री पटेना. त्याच्या खिशाला पेनच नव्हते.

"भाभी, उद्याच आणून देणार होतो," तो पुटपुटला.

उद्या या शब्दावर माझा भरवसा नाही. मी त्याला तिथल्या तिथे घरी फोन करायला लावला. पुढच्या बोटीने पासपोर्ट आला. मी क्रमांक वाचला, पाने मोजली, बनावट तर नाही ना म्हणून उन्हात धरून पाहिला. तोवर तिने पिशवी सोडली नाही.