पाच फणस आणि एक पैज

पिकल्या फणसाचा घमघमाट आला की मला हरलेली एक पैज आठवते. मी संख्याशास्त्र शिकून शिरोड्यात आलेली नवी सून. अंगणात फणसांचा ढीग होता आणि सासूबाई टिचकी मारून, न कापताच, आतले गरे करकरीत की लिबलिबीत ते सांगत होत्या: "ह्यो कापो. ह्यो बरको." मी म्हटलं, पाचांत एक जरी चुकला तर आजची भांडी तुम्ही घासायची, नाहीतर मी. पाचही बरोबर निघाले! नुसत्या नशिबाने असं बत्तीस वेळांत एकदाच घडतं, तेव्हा ही विद्या त्यांच्या कानात आहे, असा मी निष्कर्ष काढला. भांडी घासली आणि दुपारभर उरलेल्या फणसांना टिचक्या मारत बसले. सगळे आवाज सारखेच. शेवटी शरण गेले. सासूबाई पोट धरून हसल्या. "टिचकी पिकलो काय बघूक मारतंय गो! बावीकडल्या झाडाचो फणस सदांच कापो, गोठ्याकडल्याचो बरको. ढीग मीच लावलंय मां!" आता मी कॉलेजात शिकवते. कुणी घाईने आकडेमोड सुरू केली की खडू हातातून काढून घेते आणि विचारते, "आधी सांग, झाड कुठलं?"