पायाखाली थरथरणारा ब्रेक

ट्रकच्या ब्रेकचं काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे मुके मिस्त्री म्हणत. मुका तो नव्हता. बायको गेल्यापासून बोलायला घरात कोणी उरलं नव्हतं, एवढंच. त्यात धंदाही असा, की ब्रेक नीट केला की ड्रायव्हर वर्षभर तोंड दाखवत नाही. कच्चं काम करणाऱ्यांच्या दारात मात्र कायम गर्दी.

एकदा सिमेंटच्या गोण्या वाहणारा लंबू आला.

"मिस्त्री, ब्रेक दाबला की पेडल पायाखाली उड्या मारतं. दोन ठिकाणी लायनर बदलले, तरी ये रे माझ्या मागल्या!"

मिस्त्रीने मागची चाकं उतरवली, ड्रमला गोलाई मोजायचा डायल लावून हळूहळू फिरवलं. काटा एका जागी वर चढायचा, पुढे उतरायचा.

"लायनरचा काय दोष? ड्रमच गोल राहिला नाही."

त्याने ड्रम लेथवर चढवून आतून कापला, चाक बसवलं, नट समोरासमोरचे धरून सारखे आवळले. तोवर लंबू जुन्या टायरवर बसून बडबडत होता. आईचा गुडघा, वाटेतले खड्डे, मालकाचं कुत्रं मालकालाच कसं चावलं. मिस्त्री खो खो हसला. आपलं हसणं त्याला स्वतःलाच परकं वाटलं.

दोन महिन्यांनी लंबू पुन्हा हजर. तीच थरथर. मिस्त्रीला आधी लाज वाटली, कामात खोट राहिली म्हणून. पण लाजेच्या पाठोपाठ आनंदही झाला, आणि त्याची त्याला जास्त लाज वाटली.

डायलचा काटा पुन्हा तसाच नाचला. मिस्त्री विचारात पडला.

"घाट उतरल्यावर कुठे थांबतोस का रे?"

"थांबतो की! पायथ्याशीच. वर फोन लागत नाही. मी खाली पोचलो म्हटल्याशिवाय आई जेवत नाही. हँडब्रेक ओढतो आणि बोलत बसतो अर्धा तास."

रोग सापडला. घाटात तापून लाल झालेला ड्रम हँडब्रेकमध्ये आवळलेला राहायचा, आणि तसाच निवताना वेडावाकडा व्हायचा.

ड्रमची जाडी अजून एकदा कापण्याइतकी होती. काही न बोलता कापून दिला, तर लंबू दोन महिन्यांनी येणार. टायरवर बसणार, बोलणार. मिस्त्रीने लेथ सुरू केला, बंद केला. मग त्याच्या डोळ्यांपुढे तो घाटाचा उतार आला, ट्रकमधल्या गोण्या आल्या.

"हे बघ," तो म्हणाला, "पायथ्याशी थांबू नकोस. सपाटीवर चार-पाच किलोमीटर हळू चालव, ड्रमला वारा लागू दे. मग थांब. घाटात खालच्या गिअरमध्ये उतर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. आईला सांग, दहा मिनिटं उशिरा जेव."

"एवढंच?"

"एवढंच."

"आधी का नाही विचारलंत?"

"चुकलो," मिस्त्री म्हणाला. "मलाच सुचलं नाही."

त्याने ड्रम कापून बसवून दिला आणि लंबू गेला. दोन महिने झाले, चार झाले. वाटेवर ट्रकचा आवाज आला की मिस्त्री हातातला पाना खाली ठेवायचा. कधी दुसराच निघायचा, कधी कोणी थांबायचंच नाही. काम चोख झालं होतं. त्याला अभिमान वाटायचा, आणि दुपार खायला उठायची.

अशाच एका दुपारी त्याने हात पुसले आणि थोरल्या बहिणीला फोन लावला. बायकोच्या दिवसकार्यानंतर तिच्याशी तो बोललाच नव्हता. भांडण नव्हतं, नुसतं राहून गेलं होतं.

"कोण?" पलीकडून थकलेला आवाज आला.

"मी."

"मी कोण?"

सांगताना त्याची जीभ अडखळली. शेवटी, तीच एकटी ज्या नावाने त्याला हाक मारायची, ते लहानपणचं नाव त्याने सांगितलं.

"बंड्या."

ताई रागाने म्हणाली, "जेवलास का?"