तळघराचं सागवानी दार

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोलीकडच्या एका तेंदूपत्ता ठेकेदारानं बंगल्याखाली तळघर खणलं आणि आतल्या सजावटीला मला, चांद्याच्या सुताराला, बोलावलं. जंगलातून त्याला धमकीची चिठ्ठी आली होती. वेळ पडली तर महिनाभर आत राहता यावं, पण थाटात, हा त्याचा हट्ट. भिंतींना सागवानी फळ्या, सनमायकाचं कपाट, मखमली सोफा, वर झुंबर! जिवंतपणीच स्वतःला पुरायची केवढी ही हौस, असं मी मनात म्हटलं. तोंडानं मात्र 'हो साहेब'च म्हणालो.

त्याच्या बायकोनं एकच मागितलं. "भाऊ, मले एक खिडकी पाहिजे. उघडली का भिंतच दिसन ना, दिसू द्या."

ठेकेदार खो खो हसला. मी लोखंडी गजांची खिडकी केली, मागच्या भिंतीवर धानाची बांधी, म्हणजे भाताचं हिरवं शेत, रंगवून घेतली. बाई रोज येऊन ती उघडून उभ्या राहायच्या. मला बघवत नसे. कारण दाराला बाहेरून कडी लावायला ठेकेदारानं मला सांगितलं होतं. "मी दौऱ्यावर गेलो का बायको आत. कुलपाची चाबी माह्याजवळ."

उन्हाळ्यात दार बसवताना आम्ही पावसाळ्यासाठी नाण्याच्या जाडीएवढी फट सोडतो, कारण ओलीनं लाकूड फुगतं. ठेकेदार म्हणाला, "फट नाई पाहिजे. कोणी बंगला पेटवला तर धूर आत येईन." त्यानं दहादा टोकलं. माझं डोकं फिरलं. घे म्हटलं तुझं दार! घट्ट बसवलं. प्लास्टरवर रोज पाणी मारणं चालू होतं, ते रागाच्या भरात विसरलो.

काम सोपवायच्या दिवशी हत्यारं धुऊन, कुंकू लावून उंबऱ्याबाहेर ठेवायची, हा माझ्या बापाचा नेम. त्या दिवशीही ठेवली. आत आम्ही तिघंच. ठेकेदारानं खांदा लावून दार ढकललं आणि ओलीनं फुगलेलं ते दार बसलं ते बसलंच. आतल्या बाजूला उघडणारं दार. मूठ ओढली तर मूठच माझ्या हातात आली.

हवेची नळी अजून बसायची होती. वरच्या गड्यांना तळघराजवळ फिरकायची बंदी, तीही ठेकेदाराचीच. आम्ही ओरडून ओरडून दमलो. हवा कोंदट होत चालली. खोटं कशाला सांगू, मी भ्यालो होतो. आणि ठेकेदार? तो खिडकीशी धावला, झडपा उघडून त्या रंगवलेल्या धानावर बुक्क्या मारू लागला. "कोणी आहे का? उघडा ना बाप्पा!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, माही खिडकी तोडा. गज काढा."

लाथा घालून चौकट मोडली. एक गज दाराच्या खालच्या कडेत घुसवून रेटला, तेव्हा कुठे खालची फळी तडकली. आम्ही सरपटत बाहेर आलो. बाई अंगणातल्या तापलेल्या फरशीवर, भर उन्हात, कितीतरी वेळ बसून राहिल्या.

दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराचा हुकूम आला: नवीन दार कर, फट सोडून. कडी तशीच बाहेरून. मी रंधा मारत होतो, तर बाई चहा घेऊन आल्या. "भाऊ, लागलं आणि उघडलंच नाई, असं दार तुमी केलं. आता लागणारच नाई असं करता काय?"

मी चहा पिऊन पुन्हा कामाला लागलो. दाखवण्यापुरती फट ठेवली, पण निवडून ओलं लाकूड घातलं आणि बिजागऱ्या अशा ठोकल्या की चार दिवसांत दार खाली बसावं आणि कडी जुळूच नये.

पुढे मार्कंड्याच्या जत्रेत मी पोळपाट-लाटणी विकत बसलो होतो. नदीतून ओल्या पायांनी येणारी एक बाई दुकानापुढे थांबली, बघतो तर ठेकेदाराची बायको. लाटणं उचलून बघता बघता हळूच म्हणाल्या, "तीन सुतार येऊन गेले, भाऊ. दार अजूनई लागत नाई."