सारे फोटो पहिल्या पानावर

राजुऱ्यात तेव्हा नेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, आणि यायचं कमी, जायचंच जास्त. तरी मी बसस्टँडमागे दुकान टाकून लोकांना वेबसाइट बनवून द्यायचो. साइट ठेवायला लांबच्या शहरातल्या एका कंपनीच्या मशीनवर थोडी जागा भाड्याने घेतलेली. त्याच मशीनवर इतर शेकडो लोकांच्या साइट कोंबलेल्या. दुसऱ्या कोणाची जोरात चालली की माझी झोपायची. फोन केला की तिकडचा माणूस गोड आवाजात म्हणायचा, "तक्रार नोंदवली आहे, सर." माझं डोकंच सटकायचं.

एक दिवस नदीकाठच्या गावातले एक भाऊ आले. मासेमारी सोसायटीतले जुनेजाणते. त्यांना समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची साइट पाहिजे होती. सोबत त्यांची मुलगी होती, बारावी झालेली, आमच्याच गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासला येणारी. तिला पुण्याच्या मुलाचं स्थळ आलं होतं. मुलाकडचे येत्या रविवारी साइटवर फोटो बघणार आणि पसंत पडली तर लगेच सुपारी फोडणार.

"मग हिचं नर्सिंग?" मी विचारलं. फॉर्मच्या झेरॉक्स तिने माझ्याच दुकानात काढल्या होत्या.

"लगन झाल्यावर करन तिकडं," भाऊ म्हणाले.

मी म्हटलं, पहिल्या पानावर दोन-तीन फोटो ठेवू, बाकीचे आतल्या पानांवर. भाऊ खवळलेच. "कोनाच्या पोरीले मांगं टाकाचं? समाजात मारामारी लावता का? सारे पयल्या पानावर! आन् फोटो बारीक नाई कराचा, पायाच्या बोटापासून दिसली पायजे." म्हणजे स्टुडिओत धबधब्याच्या पडद्यापुढे उभं राहून काढलेले समाजभरचे फोटो, मोठेच्या मोठे, एकाच पानावर! मी कपाळावर हात मारला.

"अहो भाऊ, साइटवरून महिन्यात किती माल पाठवाचा, त्याचा कोटा ठरलेला हाय. दरवेळी पान उघडलं का एका झटक्यात सारे फोटो जातेत. कोटा सरला का साइट बंद, मंग एक तारखेशिवाय चालू नाई होत."

भाऊंनी हात झटकला. मुलगी ऐकत होती. शेवटी ते म्हणाले तसंच पान मी केलं.

शनिवारी साइट मेली. पांढऱ्या पडद्यावर एवढंच, की कोटा संपला. मी हबकलोच. आत्ता कुठे चालू झालेली साइट, आणि महिन्याचा कोटा फस्त? खाल्ला कोणी? भाऊ धापा टाकत आले. "इज्जतीचा सवाल हाय. त्या लोकांयले आता काय सांगू?" मी कंपनीला फोन लावला. तक्रार नोंदवली आहे, सर. मी नाही नाही ते बोललो. काही उपयोग झाला नाही. भाऊ तोंड पाडून गावी गेले.

रविवारी सकाळी मी पुन्हा फोनला चिकटलो. "अरे, एका पोरीचं लग्न अडलंय! तुला बहीण आहे की नाही?" पलीकडच्याने पहिल्यांदाच तक्रार नोंदवली नाही. म्हणाला, "बघतो, सर."

फोन ठेवला, तर दारात ती मुलगी.

"दादा, चालू नका करू."

"म्हणजे?"

"म्याच बंद पाडली. क्लासमंधी बसून रोज तेच पान उघडत होती. सारे फोटो आले का पुन्हा उघडाचं."

"पागल झाली का तू?"

"नर्सिंगच्या यादीत नाव आलं माझं. उद्या चंद्रपूरले हजर व्हाचं हाय." तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता.

मी घाईने नेट जोडून साइट उघडली. चालू! धबधब्यापुढे उभ्या सगळ्या पोरी, टकाटक. जी कंपनी महिनोन्‌महिने माझं एक काम करत नव्हती, तिने आजच मुहूर्त साधावा? रागाने मी नेट तोडलं आणि त्याच क्षणी फोन वाजला. भाऊ होते, गावच्या एसटीडी बूथवरून.

"पाह्यला, पाह्यला त्याहीनं फोटो! आत्ताच पुन्याले फोन लावला होता म्या. पसंत हाय! उद्याच सुपारी फोडू म्हनतेत!"

भाऊंचा आवाज आधीच मोठा, त्यात आनंद. तिला सगळं ऐकू गेलं. तिने पुढे होऊन माझ्या हातातला रिसीव्हर घेतला.

"बाबा, थे साइट म्याच बंद पाडली होती. मले आता लगन नाई कराचं. मले नर्सिंगले जाचं हाय."

मग भाऊंचा आवाज आला, इतका बारीक की मी कान जवळ नेला.

"काऊन वं माय? मले पयलेच काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं, बाबा," ती म्हणाली. "रोज सांगतलं."