गरुडाचा डावा डोळा

गरुडाचं तोंड मला आठवेना, ही गोष्ट पहिले आठ दिवस मी कुणालाही सांगितली नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? चौतीस वर्षं मी गावच्या हायस्कुलात चित्रकला शिकवली. अर्ध्या गावाने माझ्या हाताखाली पेन्सिल धरली आहे आणि उरलेल्या अर्ध्याने माझ्या छड्या खाल्ल्या आहेत. आमचं गाव धुळ्याच्या वाटेवर, पारोळ्याच्या थोडं पुढे. कार्तिकात आमच्या बालाजीची वहनं निघतात, रोज एक. कधी घोडा, कधी सिंह, कधी मोर. देवाची मूर्ती त्यावर बसवून खांदेकरी ती गावभर मिरवतात. शेवटच्या दिवशी गरुड. तोच आमच्या गावाचा मान. लग्न होऊन गेलेल्या मुली आणि सुरतेला कामाला गेलेली माणसं त्या दिवसासाठी परत येतात, इतकं सांगितलं म्हणजे पुरे.

आषाढात वहनांची खोली गळते का ते बघायला दार उघडलं, तर गरुडाला वाळवी लागलेली. हात लावला की भुसा. तोंडाचा तर नुसता गोळा उरला होता. नवा गरुड सागवानात घडवायचं ठरलं, पण मिस्त्री म्हणाले, मला पुढून आणि बाजूने चित्र हवं, रंगांसकट, आणि पोळ्याच्या आत हवं. मंदिराचा कारभार बघणारे नाना सगळ्यांसमोर माझ्याकडे वळले. मीही सगळ्यांसमोर म्हणाले, "त्यात काय, डोळे मिटून काढीन." नाना खूश झाले. मीही झाले, खोटं कशाला बोलू?

घरी येऊन रंगीत पेन्सिली काढल्या. पाण्याचे रंग मुद्दाम नको म्हटले. मिस्त्रींचे हात तेलकट, कागद दहादा हाताळला जाणार. पंख निघाले, जोडलेले हात निघाले, कमरेचा शेला निघाला. तोंडाशी आले आणि हात थांबला. चोच कशी होती? डोळे मोठे की लहान? काही केल्या समोर येईना. जन्मापासून दर कार्तिकात मी ते वहन पाहिलं होतं, लहानपणापासून त्याच्या वाटेवर रांगोळी घातली होती. पण नजर कायम वर, देवाकडे. आणि गरुडाचं तोंड? मंदिरातून निघतानाच पुजारी त्याला शेला आणि हार घालत. पुढे प्रत्येक दारात आणखी हार पडत, कारण देव उंच आणि गरुडाचा गळा हाताशी. दहा घरांत त्याचं तोंड झेंडूत बुडून जाई. जुने फोटो मागवले. सगळ्या फोटोंत देव स्पष्ट, आणि गरुडाच्या जागी फुलांचा ढीग.

पुजारी आणि खांदेकरीही खात्रीने सांगू शकले नाहीत, मग मंदिराच्या आजूबाजूच्या म्हाताऱ्यांना विचारत हिंडले. एक म्हणाले चोच हिरवी, दुसरे म्हणाले लाल. एका काकूंनी तर त्याला दात होते म्हणून सांगितलं. शेवटी हट्टाने एक तोंड काढलं, कॅलेंडरात असतं तसं, वाकडी चोच आणि रागीट डोळे. नानांना दाखवलं. ते म्हणाले, "झकास आहे की बाई." पण माझं मन खाऊ लागलं. नाना मानतील, गावही मानेल, पुढची शंभर वर्षं लोक याच तोंडाला हार घालतील, आणि ते खोटं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे दिवा लावला तो रागानेच. म्हटलं, वाहन तुझं आहे, इतकी वर्षं बसतोस त्याच्यावर, तर तूच सांग. मी हरले. हा शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाही.

त्याच दिवशी जळगावला जायचं होतं. माझी शेंदरी पेन्सिल संपत आली होती आणि तो रंग गावात मिळत नाही. दुकानात गर्दी होती, नेहमीची बस चुकली, पुढची मिळाली तीही भरलेली. कंडक्टरने मागच्या बाकावर जागा करून दिली. शेजारी माझ्याच वयाची एक बाई होती, डाळ मिलमध्ये कामाला जाणारी, पदराला अजून हरभऱ्याची भुकटी होती. पारोळ्याला मुलीकडे चालली होती. एरंडोल गेलं तेव्हा मी चित्र उलगडून नव्या पेन्सिलीचा रंग जुळतो का ते बघत होते. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, "बाई, हाऊ तुमना गावना गरुड शे का?"

हो म्हटलं. ती आणखी वाकली. "मंग हाशी कसाले नही राह्यना?"

हसत का नाही? मी पेन्सिल खाली ठेवली. विचारलं, अक्का, तुम्ही कुठे पाहिलात? तेव्हा कळलं, ती आमच्याच गावची लेक. गावाच्या टोकाला मजुरांची गल्ली आहे, तिथली. तिच्या लहानपणी वहन त्या गल्लीच्या तोंडापर्यंत येई आणि तिथूनच माघारी फिरे. आत जात नसे. का, ते तिने सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज नव्हती. फिरण्याआधी खांदेकरी दम खात, आणि ओझं कमी करायला सगळे हार उतरवून गल्लीतल्या लोकांकडे टाकत.

"हार काढेत ना, मंग त्यानं तोंड दिसे," ती म्हणाली. "पुढे छत्री अन् झेंडा, देव नही दिसे आमले. गरुडच दिसे. आम्ही त्यालेच हात जोडूत."

तिला माझी ओळख होती. मंदिरापुढे रांगोळी घालणारी मुलगी तिला आठवत होती. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून त्या पोरी कडेकडेने जायच्या. मी मात्र तिला कधी पाहिलंच नव्हतं. एकाच गावात, एकाच वयाच्या आम्ही. तिथे मला लाज वाटली, ती इथे लिहून ठेवते.

मग मी कागद उलटा केला. पेन्सिलींचा डबा तिने स्वतःच्या मांडीवर घेतला आणि रंग काढून देऊ लागली. चेहरा हळदीसारखा पिवळा. चोच लहान, पोपटासारखी, तिच्याखाली हसरे ओठ. गालावर गुलाबी ठिपके. पंखांत आधी हिरवी ओळ, मग शेंदरी, मग निळी. बस खड्ड्यांतून चालली होती, रेषा थरथरत होत्या, आणि ती दर थोड्या वेळाने म्हणे, नही बाई, आशे नही. चौतीस वर्षांत कुणी माझं चित्र असं दुरुस्त केलं नव्हतं. मी निमूट खोडत होते आणि पुन्हा काढत होते. शेवटी तिने डोळ्यावर बोट ठेवलं. "डावा डोया जरासा बारीक करा. आम्ही पोरी म्हनूत, तो आमले डोया मारस."

डोळा बारीक केला, आणि कागदावरून तो माझ्याकडे बघून हसला. ती तोंडाला पदर लावून बसली. पारोळं आलं, तशी पिशवी घेऊन उतरली. नाव विचारायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

गावात अर्थातच वाद झाला. डोळा मारणारा गरुड कुठे असतो का, नाना म्हणाले, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, तोही हसतोच आहे. आणि बजावलं, डोळा बदलायचा असेल तर चित्र परत द्या, दुसरा चित्रकार शोधा. शाल-नारळाची गोष्ट निघाली तेव्हा दुसरी अट घातली: मला काही नको, यंदा गरुड त्या गल्लीत शेवटच्या घरापर्यंत जाऊ द्या. बैठकीत सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. मग नाना हळूच म्हणाले, हे आधीच व्हायला हवं होतं.

मिस्त्रींनी असा गरुड घडवला की मला स्वतःला दृष्ट काढावीशी वाटली. कार्तिकात शेवटच्या दिवशी मी रांगोळी घातली, पण मंदिरापुढे नाही. त्या गल्लीत, अगदी टोकाच्या घरापुढे. मग तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. ती बाई येईल म्हणून वाट पाहिली. ती आली नाही. वहन आलं, गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबलं, आणि आत शिरलं. बायांनी दारादारांतून आरत्या धरल्या. शेवटच्या घरापुढे खांदेकऱ्यांनी हार उतरवले. पिवळं तोंड उघडं झालं, डावा डोळा बारीक. त्या घरातली एक खूप म्हातारी आजी, जिला दोघांनी धरून उभं केलं होतं, एकटक बघत राहिली. मग शेजारच्या नातसुनेला म्हणाली, "हाऊच तो. आमना गरुड."

माझ्या आयुष्यात मला बक्षिसं मिळाली, सत्कार झाले, पण त्या चार शब्दांसारखं प्रमाणपत्र नाही मिळालं. अभिमान वाटला, भरपूर वाटला, आजही वाटतो. गर्व देवाला आवडत नाही असं म्हणतात. पण हा अभिमान माझ्या हाताचा नाही. हाताने पहिल्यांदा काढला तो गरुड खोटाच होता. 'मी हरले' म्हटल्यावर ज्या देवाने त्याच बसमध्ये, त्याच बाकावर जागा करून दिली, त्याने निवडलेली पेन्सिल होण्याचा हा अभिमान आहे, आणि तो मी सोडणार नाही. ती शेंदरी पेन्सिल आता बोटभर उरली आहे. देव्हाऱ्यात ठेवली आहे.

त्या दिवशी छत्री आणि झेंड्याच्या मागे मला देव दिसला नाही. मी गरुडालाच हात जोडले.